दाखला नसलेली मुलगी

१७ जून २००२, सोमवार

भोकरमळ्याच्या शाळेत आज हजर झाले. मंचरहून एस.टी.नं पेठ, तिथून आत पाऊण तासाची पायवाट. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, पहिली ते चौथी, पट एक्केचाळीस. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, म्हणजे चारही वर्ग माझ्याच गळ्यात.

आजपासून वही ठेवायची. रोज नाही जमलं तरी जे घडेल ते तारखेसकट. मागच्या शाळेत माझ्याकडे लिहिलेलं काही नव्हतं, गावाकडे होतं. मी किती वाजता येते, किती वाजता जाते, ते एक माणूस देवळाच्या पारावर बसून टिपून घेत होता. मला ते चौकशी लागल्यावर कळलं. आठ महिने चौकशी. निघालं काहीच नाही, पण बदली झालीच. हे म्हणतात, विसर आता. ह्यांचं काय, दिवसभर दूध शीतकरण केंद्रात. दूध कुणाविरुद्ध तक्रार करत नाही.

आधीचे चिमाजी गुरुजी मे महिन्यात निवृत्त झाले. आज चार्ज द्यायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "गाव चांगलं आहे बाई. जरा सांभाळून घ्या." कुणी कुणाला सांभाळायचं, ते बोलले नाहीत.

दुपारी ग्रामशिक्षण समितीचे अध्यक्ष आले, गोरख. तिशीतला माणूस, स्वतःची जीप आहे, भीमाशंकरला यात्रेकरूंच्या फेऱ्या मारतो. नमस्कार झाल्यावर पहिला प्रश्न: "बाई, रोज जाऊन येऊन करणार का हितंच राहणार?"

म्हणजे सुरुवात झाली.

२० जून

सकाळी कुलूप काढायला गेले तर व्हरांड्यात एक म्हातारी गोधडी पसरून बसलेली. नाव धोंडाबाई. शाळेत कुणी नातू आहे का विचारलं, तर नाही.

"मग इथं कशाला बसलात?"

"वारं चांगलं लागतं बाई हितं."

सुट्टी होईपर्यंत उठली नाही. दर थोड्या वेळानं मान वर करून खिडकीतून आत बघत होती. माझ्याकडे बघत होती की पोरांकडे, ते सांगता येत नाही. दोन्ही वाईटच.

२८ जून

आता वेळापत्रकच सांगता येईल. सोमवारी आणि गुरुवारी धोंडाबाई. मंगळवारी कुशाबा म्हणून एक म्हातारे, दोर वळत बसतात. बुधवारी गेणभाऊ, नळाचा पाईप दुरुस्त करायला म्हणून येतात. पाईप दोन बुधवार झाले तरी तसाच गळतो. शुक्रवारी स्वतः गोरख, काही काम नसताना. हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी पाळ्या लावल्या आहेत.

आज गोरखला सरळ विचारलं. हसला. "केंद्रप्रमुख सायबांनीच सांगितलंय न्हवं, लोकसहभाग वाढवा म्हणून. वाढवला."

११ जुलै

केंद्रप्रमुख भेटीला आले. कुशाबांची पाळी नव्हती तरी ते हजर. तिसरी-चौथीची पोरं त्यांच्याभोवती बसून दोराचे पेड मोजत होती, हात पसरून वाव मोजत होती, इतक्या वावांच्या दोराला घायपाताचा किती वाख लागेल त्याचं गणित करत होती. साहेब खूश. माझ्या शेरेबुकात लिहून गेले, "असा लोकसहभाग अख्ख्या केंद्रात नाही. बाईंचे अभिनंदन."

अभिनंदन! जिच्यावर पाळत ठेवली तिचंच अभिनंदन.

खरं लिहायचं तर वजन-मापाचा पाठ मी शिकवला असता त्यापेक्षा कुशाबांनी बरा शिकवला. तेही इथं असू द्यावं.

१६ जुलै

एक नवीन गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त गंभीर आहे. तिसरीत एक मुलगी आहे, आरती. आठ वर्षांची. खिडकीजवळ बसत नाही, दाराजवळही बसत नाही, नेहमी मधोमध. हजेरी घेताना दोनदा हाक मारावी लागते, जणू नाव तिचं नाहीच. शाळेला येते ती कुणाच्या तरी हाताला धरून, आणि तो हात रोज वेगळा.

जनरल रजिस्टर काढून पाहिलं. जानेवारीत थेट प्रवेश, चिमाजी गुरुजींच्या अक्षरात शेरा: "दाखला नंतर सादर करणार." सहा महिने झाले. दाखला नाही, जन्मतारीख नाही, वडिलांच्या नावाच्या रकान्यात एक रेघ.

मला वाटतं मला सापडलं. एक्केचाळीसचा पट चाळिसावर आला तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाईल. म्हणून गावानं कुणाची तरी पोर आणून पटावर घातली आहे. आणि बाई हुडकून काढतील या भीतीनं व्हरांड्यात पहारा.

१९ जुलै

तिघांना वेगवेगळं विचारलं.

धोंडाबाई: "तिचा बाप मिलट्रीत हाय."

गेणभाऊ: "आईबाप ममईला असतात. कामाला."

कुशाबा बराच वेळ दोर वळत राहिले. मग म्हणाले, "तिला बाप न्हाई."

मुलीची आजी साळुबाई संध्याकाळी तिला न्यायला आली. उंच, वाळलेली बाई, बोलताना पदर दातात धरते. म्हटलं, "आजी, हिचा आधीच्या शाळेचा दाखला हवा."

"आणू की."

"कधी?"

"आणू म्हटलं न्हवं." पोरीचा हात धरून गेली. मागे पाहिलं नाही.

तीन माणसं, तीन उत्तरं. चौथीनं उत्तरच दिलं नाही.

५ ऑगस्ट

आज पुस्तकं तपासताना आरतीचं जुनं गणिताचं पुस्तक हातात आलं. मुखपृष्ठाला वर्तमानपत्राचं वेष्टण. ते एका कोपऱ्यात सुटलं होतं. आत जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेचा शिक्का, आणि पेन्सिलीनं बाळबोध अक्षरात नाव: संस्कृती. इयत्ता पहिली.

मी पुस्तक मिटून परत दिलं. ती माझ्याकडे बघत होती. आठ वर्षांच्या पोरीची अशी नजर मी पाहिली नव्हती. चोरी सापडल्याची नजर वाटली मला.

खोटं नाव. आता शंका राहिली नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. "आपल्या शाळेतील कु. संस्कृती ही विद्यार्थिनी सध्या या शाळेत आरती या नावाने शिकत असल्याचे आढळले आहे. तरी तिचा दाखला व पालकांचा पत्ता त्वरित कळवावा." शाळेचा शिक्का, माझी सही.

पाकीट घ्यायला पेठला खेमचंदशेठच्या दुकानात थांबले. किराणा, वह्या, फोनचा बूथ, सगळं त्यांच्याकडेच. मी काउंटरवरच पत्ता लिहिला. शेठ एरवी नमस्काराशिवाय बोलत नाहीत. आज पत्त्यावर नजर गेली आणि थांबलेच.

"बाई, हे पत्र आजच टाकायलाच पायजे का?"

"का हो?"

"न्हाई, पोस्टाची पेटी गळते. पावसात भिजल."

व्यापारी माणूसही यात आहे तर. त्यांच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून पेटीत टाकलं. बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

१३ ऑगस्ट

पाळी नसताना गोरख आला. मुलं प्रार्थनेला उभी होती तोवर थांबला. मग खोलीत येऊन समोरच्या स्टुलावर बसला.

"बाई, कुठं पत्र धाडलं का?"

"सरकारी कामकाज आहे ते."

त्यानं स्टूल जरा पुढं ओढलं. "तुमाला एक सांगायचं व्हतं. आधीच सांगायला पायजे व्हतं खरं तर..." मी वही ओढली आणि तारीख, वेळ टाकली. आता काही झालं तरी शब्दन् शब्द टिपून ठेवायचा असा माझा नियम आहे. त्यानं माझ्या पेनाकडे पाहिलं आणि उठला.

"जाऊ द्या. तुमी शिकवा."

काय सांगणार होता? धमकी असणार. लिहितेय म्हटल्यावर अवसान गळालं.

१४ ऑगस्ट

आजपासून व्हरांड्यात दोन-दोन माणसं. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "शशी, तुझ्यावर नजर ठेवायची तर एक पुरे झाला असता."

२६ ऑगस्ट, सोमवार

हे आजच लिहायला हवं.

श्रावणी सोमवार. गोरख जीप घेऊन भीमाशंकरला, गावातले निम्मे पुरुष त्याच्याबरोबर. बाकीचे बटाटे काढायला. व्हरांड्यात एकटी धोंडाबाई.

साडेअकराला एक माणूस आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, पायात बूट, हातात पेढ्यांचा पुडा. धोंडाबाईकडे न बघता सरळ ऑफिसच्या खोलीत. "नमस्कार मॅडम. आपलं पत्र मिळालं. मी संस्कृतीचा वडील." माझंच पत्र त्यानं टेबलावर ठेवलं. त्याच्या गावच्या शाळेनं ते त्याच्याकडे दिलं होतं.

इथे खोटं लिहायचं नाही. मला तो आवडला. जूनपासून पहिला माणूस, जो विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देत होता. बायको स्टोव्हच्या भडक्यात गेली, म्हणाला. दिवाळीत दोन वर्षं होतील. सासूला दुःखानं भ्रम झाला, ती पोरीला घेऊन पळाली. "आम्ही कुठं कुठं शोधलं मॅडम. तुमच्यासारखी एक नियमानं चालणारी बाई भेटली म्हणून पोर सापडली." कागदही होते, जन्माचा दाखला, रेशनकार्ड. मी म्हटलं, बसा, तिला आणते.

मधल्या दारानं वर्गात गेले. आरती नेहमीच्या जागी, मधोमध. मी हाक मारली, "संस्कृती."

पाट्यांवरच्या पेन्सिली थांबल्या.

"संस्कृती, तुझे वडील आलेत."

पहिलीतला एक एवढासा पोरगा उभा राहिला. "बाई, ती आज आली न्हाई."

मी म्हटलं, अरे, ही काय समोर बसलीय. तेवढ्यात दुसरी उठली. "न्हाई बाई, आली न्हाई." मग तिसरा. मग सगळेच, हळू आवाजात, बाहेर ऐकू जाणार नाही इतकं हळू: आली न्हाई बाई, आली न्हाई. आणि एकेक जण सरकत सरकत तिच्या पुढ्यात येऊन बसत होता. चाळीस मुलं माझ्या तोंडावर एकच खोटं बोलत होती आणि त्यातलं एकही हसत नव्हतं.

त्यांच्या मधून मला ती दिसली. डोकं गुडघ्यात. तिच्या खालचं बसकर ओलं झालं होतं.

मी अठरा वर्षं शिकवते आहे. घाबरलेली पोरं मला कळतात. गणिताला घाबरणारी, छडीला घाबरणारी. हे ते नव्हतं. दिवाळी. स्टोव्ह. कुशाबा म्हणाले होते, तिला बाप न्हाई.

परत खोलीत आले. म्हटलं, "आज गैरहजर आहे."

तो हसला. "मी येताना खिडकीतून पाहिलं तिला."

"तरी नेता येणार नाही. शाळेच्या वेळेत मूल ताब्यात द्यायचं तर ग्रामशिक्षण समितीचा ठराव लागतो. अध्यक्षांची सही, दोन साक्षीदार, अर्ज दोन प्रतींत."

"असा नियम आहे?"

"परिपत्रक आहे."

असं कुठलंही परिपत्रक नाही. बोलता बोलता मी ते तयार केलं. अर्जाचा नमुनाही सांगितला, वरच्या कोपऱ्यात तारीख, डाव्या बाजूला समास. जितकं बोलता येईल तितकं बोलले.

त्यानं स्टूल उचललं आणि मधल्या दाराला लावून त्यावर बसला. आवाज तसाच मऊ. "पत्र तुम्हीच लिहिलंत ना मॅडम? मग आता मला शिकवू नका. पोरीला हाक मारा."

मी मारली नाही. तो बसून राहिला, मी उभी राहिले. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, आणि वेळ लिहायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

मग पायांचा आवाज आला. धोंडाबाई केव्हा उठून गेली ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. बटाट्याच्या रानातून ती बायका घेऊन आली होती, तीस-पस्तीस तरी, कोपरापर्यंत मातीचे हात. कुणी ओरडलं नाही. येऊन पटांगणात बसल्या, दाराच्या उंबऱ्यापर्यंत. मागून पेठच्या वाटेनं खेमचंदशेठ धोतर सावरत, धापा टाकत आले. त्यांनी या माणसाला रस्ता विचारताना ऐकलं होतं. गोरखच्या घरी फोन लावला तर कुणी उचलेना, म्हणून दुकान उघडं टाकून चालत आले.

तो माणूस उठला. जाताना बायकांच्या पुढे थांबला आणि पत्र उंच धरलं. "मला काय बघता? तुमच्या बाईंनीच बोलवलं मला. हा शिक्का बघा."

सगळ्या बायकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

तो गेल्यावर साळुबाई आत आली. पदर दातात नव्हता.

"माझ्या लेकीला त्यानं पेटवलं. ह्या पोरीनं बघितलं. दाराच्या फटीतनं. दुसरं कुणी बघितलं न्हाई. तो जामिनावर सुटलाय, पोरीजवळ फिरकायचं न्हाई असा कोर्टाचा हुकूम हाय. पोरगी गप झाली का क्येस गप झाली." मग म्हणाली, "चिमाजी गुरुजींना समदं ठावं व्हतं. तुमाला सांगणार व्हतो आमी. पण तुमी लिहिता."

एवढं बोलून पोरीला उचललं आणि नेलं.

२७ ऑगस्ट

शाळेत जायची लाज वाटली. गेले. आरती नाही. व्हरांड्यात कुणी नाही.

गेले दोन महिने ज्या रिकाम्या व्हरांड्यासाठी मी तळमळले तो आज मिळाला.

दुपारी गोरख आला. मी म्हटलं, माझी चूक झाली. तो म्हणाला, "चूक आमचीबी हाय. तुमच्या आधीच्या गावातनं आमाला कळवलं व्हतं, बाई लई कागदाच्या हायत, जपून ऱ्हावा. आमी त्येच धरून बसलो." म्हणजे तिथला तो पारावरचा माणूस माझ्याही आधी इथे पोचला होता.

मी विचारलं, मी आता काय करू?

"कागदाच्या हाय ना तुमी? मग कागद करा."

२८ ऑगस्ट

मंचरला पोलिसांत जाऊन जबाब दिला. तो केव्हा आला, काय बोलला, स्टूल कुठं ठेवलं, सगळं. फौजदारांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "बाई, साक्षीदार असा बोलत नाही हो आमच्याकडे." खेमचंदशेठनी आणि धोंडाबाईनं पण जबाब दिला. धोंडाबाईचा अंगठा मीच धरून उमटवला.

९ सप्टेंबर

जामीन रद्द झाला. त्याला परत आत टाकलं. गोरखनं प्रार्थनेच्या वेळी येऊन सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं एकमेकांकडे पाहिलं आणि मग खाली बसली. इतका शहाणपणा त्यांना कुणी शिकवला? मी तर नाही.

आरती अजून येत नाही. साळुबाई म्हणते, तो आत असला तरी त्याचे भाऊ बाहेर आहेत. आणि बाईंचा भरवसा नाही.

१८ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर साळुबाईच्या दारात गेले. आत या म्हणाली नाही. अंगणात दगड होता त्यावर बसले. पाऊण तासानं उठले आणि पेठची वाट धरली.

१९ सप्टेंबर

पुन्हा गेले. बसले. साळुबाई शेंगा तोडत होती. "काय पायजे बाई तुमाला?"

"काही नाही."

"मग कशाला बसलाय?"

खरंच सांगायचं तर मलाही माहीत नव्हतं. थोड्या वेळानं मी शेंगा तोडू लागले. तिनं अडवलं नाही.

२ ऑक्टोबर

आज आरती बाहेर आली. माझ्यापासून हातभर लांब उभी राहून म्हणाली, "तिसरीचे कुठले पाठ झाले?" मी सांगितले. तिनं आत जाऊन पुस्तक आणलं. साळुबाई तोंड फिरवून चुलीकडे गेली.

७ ऑक्टोबर

आरती शाळेत. गेणभाऊंच्या हाताला धरून. मी हजेरी उघडून थांबले. हळूच विचारलं, कुठलं नाव लिहू? म्हणाली, "कोर्टात संस्कृती. हितं आरती."

नियमात बसत नाही. तसंच लिहिलं.

धोंडाबाई पुन्हा व्हरांड्यात बसते. आज मी तिला आत बोलवून खुर्ची दिली. ती म्हणाली, खुर्चीत सुईत दोरा ओवता येत न्हाई. जमिनीवरच बसली.

१५ नोव्हेंबर

तारीख लागली, एकवीसची, खेडच्या कोर्टात. साळुबाईनं सांगितलं नाही, गोरखनं सांगितलं. मी येऊ का विचारलं. "आजीला इचारतो," म्हणाला. उत्तर आलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

तरी गेले. पेठला फाट्यावर जीप थांबली, गोरख म्हणाला, बसा. साळुबाई पुढे, मांडीवर पोर. तिनं मान वळवली नाही.

कोर्टात अकरापासून बसून होतो. पावणेदोनला पुकारा झाला. साळुबाई उठली, तर शिपायानं अडवलं. ती स्वतः साक्षीदार, तिची साक्ष व्हायची आहे, तोवर आत बसता येणार नाही. ती ऐकेना. "पोर एकटी कशी जाईल?" सरकारी वकील म्हणाले, दुसरं कुणी बसू द्या, जवळचं माणूस.

साळुबाईनं आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. गोरख, धोंडाबाई, कुशाबा. शेवटी माझ्याकडे, फार वेळ. मग पोरीचा हात माझ्या हातात दिला. दिला म्हणण्यापेक्षा कोंबला. "जावा."

न्यायाधीशांनी आधी तिला साधं विचारलं. नाव काय, कितवीत आहेस, खरं बोलणं म्हणजे काय. ती म्हणाली, "जे झालं ते सांगायचं." मग तिनं जे झालं ते सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. या वहीत न लिहिलेली ती पहिली गोष्ट. बाप पिंजऱ्यात उभा होता. तिनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं, वकिलांनी ओळखायला सांगितलं तेव्हा.

मग आरोपीचे वकील उठले. गोड बोलणारे, केस पिकलेले. "बाळ, हे सगळं तुझ्याकडून कुणी पाठ करून घेतलं?"

"कुणी न्हाई."

"त्या बसल्यात त्या बाई कोण?"

"आमच्या शाळेच्या बाई."

"बाई पाठ करून घेतात ना शाळेत? कविता, पाढे?"

"घेतात."

"तसंच हे. गावानं बाईंना सांगितलं आणि बाईंनी तुझ्याकडून घोटून घेतलं. खरं की नाही?"

ती गोंधळली. माझ्याकडे पाहिलं. मला हलायचीही भीती वाटली, उगीच खूण केली म्हणतील. मग ती म्हणाली, अगदी सरळ, वर्गात उत्तर देते तशी:

"बाईंना कुणीच काय सांगितलं न्हाई. त्या लिहितात म्हणून. त्यांना काहीच ठावं नव्हतं. पप्पांना पत्र त्यांनीच धाडलं."

टाइप करणारा थांबला. न्यायाधीश म्हणाले, "घ्या. जसंच्या तसं घ्या." वकील खाली बसले.

भर कोर्टात माझी नालायकी सरकारी कागदावर चढत होती, एकेक अक्षर खाडखाड वाजत. मी मान खाली घातली. पण तिचा हात मला दिसत होता. साक्षीच्या कठड्यावर सपाट ठेवलेला, आणि हलत नव्हता.

१० फेब्रुवारी २००३, सोमवार

निकाल लागला. सदोष मनुष्यवध, दहा वर्षं.

गोरखनं खेडहून खेमचंदशेठच्या बूथवर फोन केला, शेठनी माणूस धाडला. साळुबाई शाळेत आली. रडली नाही, हसलीही नाही. भिंतीला टेकून खाली बसली, पाय पसरून, दमलेल्या माणसासारखी. मी म्हटलं, तिला सांगितलं का? "तुमी सांगा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

मी आरतीला व्हरांड्यात बोलवून सांगितलं. दहा वर्षं म्हणजे किती, ते तिनं बोटांवर मोजलं. "मी अठराची व्हईन."

"हो."

मला वाटलं आईबद्दल काही विचारेल. तिनं विचारलं, "मग उद्यापासनं मी एकटी येऊ शाळंला?"

मी साळुबाईकडे पाहिलं. साळुबाईनं माझ्याकडे. दोघींपैकी कुणीच हो म्हणालं नाही, आणि नाहीही.

११ फेब्रुवारी

पहिली एस.टी. पकडून साडेनऊलाच पोचले. कुलूप काढलं आणि फाटकाशी उभी राहिले. साळुबाईच्या घरापासून शाळेपर्यंत वाट सगळी रानातून येते. दोन्ही बाजूला ज्वारी, काही ठिकाणी उपटून पेंढ्या बांधलेल्या, काही ठिकाणी अजून उभी. माणसं कामाला वाकलेली, कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

दहाला दहा मिनिटं कमी असताना ती निघाली. पाठीला दप्तर, एकटी. सुरुवातीला रस्त्याच्या मधून, नीट. मग ओढा ओलांडल्यावर एक पाय उचलून लंगडी घालत. काही तरी गुणगुणत असावी.

ती गेणभाऊंच्या रानाशी आली तसे ते कंबर धरून उभे राहिले. हातातलं खुरपं तसंच. ती पुढे गेली, ते वाकले नाहीत. मग पुढच्या वावरात दोन बायका उठल्या. मग बांधावर धोंडाबाई. मग कुशाबा. ती जसजशी पुढे येत होती तसतशी ज्वारीतून एकामागून एक डोकी वर येत होती, कपाळावर हात धरून, आणि ती नजरेआड होईपर्यंत तशीच उभी राहत होती. कुणी हाक मारली नाही.

तिनं यातलं काहीच पाहिलं नाही. लंगडी घालत फाटकाशी आली, दम लागलेला, आणि म्हणाली, "बाई, उशीर झाला का?"

म्हटलं, नाही. आत जा.